आधीची सून का गेली?

आमच्या सरांचं लग्न झालेलं नव्हतं, पण जगातली झाडून सगळी कामं ते लग्नाच्याच नजरेने बघायचे. फ्लॅट भाड्याने घ्यायचा असो, नाहीतर साधं मोबाइलचं सिम बदलायचं असो, सर आधी म्हणणार, "स्थळ कसं आहे ते बघू." नोकरीच्या बाबतीत तर विचारूच नका. शारजात इंग्रजी शिकवायला आलेलं कुणीही, पुण्याचं, मनिलाचं नाहीतर थेट आयर्लंडचं, कधी ना कधी करक चहाचा कागदी कप हातात धरून सरांसमोर बसायचंच. सर त्यांना सांगायचे, "पगार शेवटी विचारायचा. आधी विचारायचं, आधीची सून का गेली?"

आयर्लंडच्या त्या मुलीला हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं होतं. "आस्क देम, व्हाय डिड द प्रीव्हियस डॉटर-इन-लॉ लीव्ह?" बिचारीने चहा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, अगं, तुझ्या आधीची टीचर! मग ती इतकी हसली की चहावाल्यालाही हसू आलं.

मीही अशीच एक चहा घेऊन बसलेली. नवऱ्याच्या मागोमाग पुण्याहून आले, एम.ए., बी.एड., सगळी सर्टिफिकिटं अटेस्ट करून. अल मजाजला फ्लॅट. जाहिरातीत 'लगून व्ह्यू' लिहिलं होतं, म्हणजे बाथरूमच्या खिडकीतून मान वाकडी केली की खालिद लगूनचं बोटभर पाणी दिसायचं. मुलीला जवळच्या एका शाळेत घातलं आणि तिथेच मला आफ्टर-स्कूल प्रोग्रॅममध्ये काम मिळालं. तीनला शाळा सुटायची. ज्यांचे आईबाप पाचशिवाय ऑफिसातून सुटत नाहीत ती मुलं मागे राहायची. कराटे, रोबोटिक्स, झुंबा आणि इंग्लिश. ज्यांना कराटेत जागा मिळाली नाही ते सगळे इंग्लिशला. त्या इंग्लिशचे सर्वेसर्वा म्हणजे सर.

सर मूळचे चिंचवडचे. याच शाळेत वरच्या वर्गांना शिकवत म्हातारे झाले. साठी उलटल्यावर शाळेने सकाळचे वर्ग काढून घेतले आणि दुपारचे हे दोन तास तेवढे ठेवले. सरांचा व्हिसा त्या दोन तासांवर उभा होता. ते गेले की सरांनी बॅग भरायची आणि चिंचवड गाठायचं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सर त्यावर कधी बोलायचे नाहीत. कुणी विषय काढलाच तर म्हणायचे, "नांदतोय तोवर नांदतोय."

दिसायला उंच, किडकिडीत. वर इस्त्रीचा शर्ट, कडक टाय आणि खाली कोल्हापुरी चपला. प्रिन्सिपलनी किती वेळा सांगितलं असेल! सरांचं उत्तर ठरलेलं, "पायांना कोण इंग्लिश विचारतंय?" माझी मुलगी त्यांच्याच वर्गात बसायची. घरी येऊन म्हणायची, "मम्मा, ही इज सो वीअर्ड. बट डोंट टेल हिम."

पहिल्याच दिवशी मी वर्गात गेले तर फळ्यावर सकाळच्या बाईंचं गणित आणि खाली लाल अक्षरात 'डू नॉट इरेज'. मी खडू घेऊन उभी. म्हटलं, सर, आपण लिहायचं कुठे?

"लिहायचं नाही. एकत्र कुटुंबात आलीयेस तू," सर म्हणाले. "आफ्टर-स्कूल म्हणजे एकत्र कुटुंब. स्वतःची खोली नाही, कपाटाची किल्ली नाही. फळा मोठ्या जावेचा. पण सासू दुपारची झोपलेली असते, त्यामुळे दोन तास राज्य आपलं. इंग्लिशच्या खाजगी अकॅडमीत जाशील तर तिथे राजाराणीचा संसार. एसी, नवे मार्कर, गुळगुळीत पुस्तकं. फक्त सासू काचेपलीकडे खुर्ची टाकून बसलेली."

हे मला तेव्हा नुसतं विनोदी वाटलं होतं. पुढे काचेच्या आत उभी राहिले तेव्हा पटलं.

आता फळाच नाही म्हटल्यावर सर शिकवायचे काय? तर उखाणे! खोटं नाही सांगत. वर्गात आत यायचं तर इंग्लिशमध्ये उखाण्यात नाव घ्यायचं. हजेरी अशीच. सीरियाची पोरं, केरळची पोरं, पाकिस्तानची, इजिप्तची, सगळी दारात रांग लावून उभी आणि सर आत हाताची घडी घालून, अगदी करवलीसारखे, "नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही!" मुलांनी तो शब्दच उचलला होता. "सर, माय उखाणा इज रेडी!" असं ओरडत यायची. "माय टिफिन इज एम्प्टी, माय बस इज लेट, माय नेम इज यूसुफ अँड आय ॲम एट." पुढच्या वर्षी यूसुफ नऊ वर्षांचा झाला आणि यमक मोडलं म्हणून चांगला आठवडाभर रुसला होता. मग सरांनी 'नाइन'ला 'फाइन' जुळवून दिलं तेव्हा कुठे आत आला.

त्यात एक झैनब होती. राहायला अजमानला, म्हणजे पहाटे अंधारात स्कूलबसमध्ये बसायची आणि अंधार पडायला आला की घरी. तिचा उखाणा तिनेच केलेला. "शारजा इज हॉट, अजमान इज निअर, झैनब इज स्लीपी बट झैनब इज हिअर." एवढं म्हणायची, मागच्या बाकावर जायची आणि गाल बाकाला टेकवून झोपायची. रोज. मी पहिल्या दिवशी तिला हलवायला गेले तर सरांनी लांबूनच डोळे वटारले.

"शाळा सुटल्यावर झोप येणं हा गुन्हा आहे का गं?" ते म्हणाले. "हजेरी लावली ना तिने? दोन ओळी म्हणाली, त्यात चार क्रियापदं बरोबर. मग झोपू दे."

कधी ती अर्ध्यात उठायची, कधी थेट बस लागली की. उठली की सर तिला काहीही विचारायचे नाहीत. बॅग खांद्यावर चढवायला तेवढी मदत करायचे.

वर्षभर मी त्या एकत्र कुटुंबात सुखाने नांदले. पण आफ्टर-स्कूलचं एक आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बंद म्हणजे पगारही बंद. त्यात नवऱ्याच्या ऑफिसात माणसं कमी करायची कुजबुज सुरू झाली. तो रोज जेवताना दिरहॅमचे रुपये करून मोठ्याने सांगायला लागला तेव्हा मी समजले की आता अकॅडमी बघायला हवी. लगूनच्या काठच्याच एका टॉवरमध्ये होती. मी सरांना म्हटलं, उद्या इंटरव्ह्यूला चाललेय.

"एकटी?"

"मग काय वरात घेऊन जाऊ?"

"मुलीबरोबर निदान मामा तरी लागतो," सर म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी खरंच खजुराचा पुडा घेऊन टॉवरखाली हजर. तोच टाय, त्याच चपला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आता करणार काय?

वर गेलो. रिसेप्शनवर हसरी फिलिपिनो मुलगी. ती मला म्हणाली, मॅम, यू वेट. आणि सरांकडे वळून म्हणाली, "सर, प्लेसमेंट टेस्ट?" आमचे सर 'नो' म्हणतील? छे! सर अगदी नवरदेवासारखे जाऊन कॉम्प्युटरसमोर बसले, कानाला हेडफोन लावले. पाऊण तास! मध्येच मोठ्याने म्हणतात, "अहो, हा माणूस स्की भाड्याने घेऊन परत का करत नाहीये?" शेवटी मशीनमधून सोनेरी काठाचा कागद बाहेर आला. लेव्हल : इंटरमीजिएट.

आयुष्यभर इंग्रजी शिकवलेला माणूस! माझा संताप संताप झाला. म्हटलं, सर, मी सांगते त्यांना. तर सर तो कागद दिव्याकडे धरून बघत होते. "अगं, काठ काय सुंदर आहे!" दुसऱ्या दिवशी त्यांनी तो वर्गात टाचणीने लावला. मुलांनी घोळका करून तो वाचला. मग यूसुफ पुढे आला, सरांच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "इट्स ओके, सर. नेक्स्ट टाइम." पुढे कितीतरी दिवस मुलं सरांशी बोलताना सोपे सोपे शब्द वापरत होती.

असो. त्या दिवशी आत मॅडमनी बोलावलं. मॅडम लेबनॉनच्या, अकॅडमी त्यांचीच. मामा म्हणून सरही आत. सरांनी बसल्या बसल्या पाणी मागितलं. ही त्यांची खास युक्ती. पाणी मागितल्यावर घरातले लोक कुणावर कसे खेकसतात ते बघायचं. मॅडम स्वतः उठल्या आणि स्वतः ग्लास भरून दिला. सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. निदान 'डॉटर-इन-लॉ' तरी म्हणाले नाहीत. हिच्या आधीच्या टीचर का गेल्या?

"कॅनडा, हबीबी," मॅडम हसून म्हणाल्या. "शी वेंट टू कॅनडा."

खाली उतरल्यावर सर पायऱ्यांवर उभे राहिले. वर्ग सुटला होता. ते म्हणायचे, मुलं येताना बघायची नाहीत, जाताना बघायची. अकॅडमीची मुलं आंघोळ करून, सेंट लावून आलेली. लिफ्टमधून बाहेर पडायच्या आत प्रत्येकाची आई विचारत होती, काय शिकलास? काय शिकलास?

"खोटं आहे," सर म्हणाले.

"काय?"

"कॅनडा. विचारल्याबरोबर आला. खरं कारण सांगताना माणूस जरा थांबतो." मग खजुराची बी तोंडातून काढून त्यांनी रुमालात बांधली. "पण पाणी स्वतः उठून दिलं. बाई वाईट नाही. घर खोटं बोलणारं आहे एवढंच. तुला गरज आहे, तर जा. तू नांदशील."

आणि मी नांदले. काचेच्या खोलीत शिकवायची सवय झाली. बाहेर आया रांगेने बसलेल्या, मूल जांभई द्यायला लागलं की मी पटकन त्याच्या आणि काचेच्या मधे उभी राहायची. दर महिन्याला टेस्ट, दर टेस्टला सोनेरी काठाचा कागद. भिंतीवर टीचर लोकांचे फोटो. गोऱ्यांचे लिफ्टसमोर, आमचे पँट्रीकडे वळताना. पण पगार बारा महिने येत होता आणि नवऱ्याची नोकरी खरंच गेली तेव्हा दुसरी मिळेपर्यंत त्याच पगारावर घर चाललं, हेही सांगितलं पाहिजे. मॅडमनी पुढे मला कोऑर्डिनेटर केलं.

आणि मग एके दिवशी मॅडम आनंदाने आत आल्या. शाळेने आफ्टर-स्कूलचं इंग्लिश आमच्या अकॅडमीला देऊन टाकलं होतं. नव्या टर्मपासून तीन वाजता आमची बस जाणार, मुलांना टॉवरमध्ये आणणार. तिथला एक म्हातारा टीचर आहे म्हणे, तो ठेवायचा की नाही ते आपण त्याचा वर्ग बघून ठरवायचं. ठेवला तर व्हिसा आपण देऊ, नाहीतर खलास.

घरी येऊन सरांना फोन केला, सगळं सांगितलं. पलीकडून खदखदून हसणं.

"म्हणजे आता मला बघायला येणार!"

"सर, चेष्टा नाही ही."

"अगं, या वयात! कांदेपोह्यांचा कार्यक्रम! शेंगदाणे मात्र घालता येणार नाहीत, शाळेत बंदी आहे."

"सर, हात जोडते. एक दिवस फक्त नीट वागा. बूट घाला. उखाणे नकोत. पुस्तकातला एखादा धडा घ्या. तुम्हाला इथे राहायचंय ना?"

यावर ते "बघू" म्हणाले आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मॅडमबरोबर मी शाळेत गेले, म्हणजे बघायला आलेल्या मंडळींत मी! वर्गात शिरले आणि आधी सरांच्या पायांकडे बघितलं. काळे, चकचकीत, नवे बूट. मला एकदम भरून आलं हो. तोवर मला वाटायचं, या माणसाला कशाचंच काही नाही. पण त्यांना राहायचं होतं. एवढ्यासाठी चपला सोडल्या होत्या त्यांनी.

मॅडमनी त्यांना लगेच ओळखलं, "हे तर तुझे अंकल!" टेबलावर पोह्यांचा डबा होताच. बिनशेंगदाण्याचे, वर खोबरं-कोथिंबीर. मॅडमनी एक चमचा खाल्ला आणि मग डबाच जवळ ओढला. मुलं दारात उभी राहिली आणि एकेक उखाणा सुरू झाला. मी कपाळाला हात लावला. पण मॅडमना काय आवडलं म्हणता! हसून हसून डोळ्यांतलं काजळ पसरलं. यूसुफने तर त्यांचंच नाव घालून आयत्या वेळी उखाणा रचला. सर असे रंगात आले होते की मी मनातल्या मनात त्यांच्या व्हिसावर शिक्काही मारून टाकला.

तेवढ्यात मॅडमचं लक्ष मागच्या बाकावर गेलं.

"ही आजारी आहे का?"

"नाही," सर म्हणाले. "झोपली आहे."

मॅडम मऊ आवाजात बोलल्या, ते मी कबूल करते. त्या म्हणाल्या, "हबीबी, तुम्ही फार गोड आहात, मला तुम्ही हवे आहात. पण आमच्याकडे काचा आहेत. झोपलेलं मूल पालकांनी बघितलं की ते भांडायला येतात. तिला उठवा. यल्ला, चला, आता उठवून बघू."

सर मागच्या बाकापाशी गेले. मी मनात म्हणत होते, उठवा ना सर, एक हाक मारा फक्त! ते वाकले, झैनबच्या गालाखाली पेन्सिल आली होती ती अलगद काढून घेतली आणि सरळ उभे राहिले.

"मॅडम, हिची आई पाचला सुटते," ते इंग्रजीत म्हणाले. "तुमच्याकडे येणारी मुलं घरून येतात. ही अजून घरी गेलेली नाही. तुमची अकॅडमी चांगली आहे, तुम्ही पाणी स्वतः उठून दिलंत. पण हिला उठवायचं असेल तर मला स्थळ पसंत नाही."

शेवटचे चार शब्द मराठीत. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं.

"थोडा विचार करा," मॅडम म्हणाल्या. "इन्शाल्ला, आपण उद्या बोलू."

"तुम्ही विचार करा. मी इंटरमीजिएट माणूस, मला एकदाच काय ते सुचतं," सर म्हणाले. मग खुर्चीवर बसून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, पिशवीतून चपला काढल्या आणि घातल्या. मंडळी उठल्यावर मुलीने जरीची साडी सोडून घरातली नेसावी तसं. मुलांना वाटलं गंमत आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी नंतर त्यांच्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, एका पोरीच्या झोपेसाठी? उद्या तिला कुणीतरी उठवणारच आहे की! तुमच्या जाण्याने काय थांबणार आहे? सर म्हणाले, "उठवेल कुणीतरी. मी नाही उठवणार, एवढंच आपल्या हातात." टर्म संपली तसे सर चिंचवडला गेले. नवे बूट माझ्या नवऱ्याला देऊन गेले. ते त्याला लागतात, तरी घालतो.

तिथे बसूनही त्यांचा धंदा चालूच आहे. गल्फला निघालेल्या पोरी त्यांना व्हॉट्सॲपवर ऑफर लेटरं पाठवतात, आणि हे पत्रिका जुळवत बसतात.

हे मला माहीत होतं, तरी परवा माझी विकेट पडलीच. तीन वाजताच्या मुलांसाठी कुणी टीचर टिकत नव्हती. एक मुलगी इंटरव्ह्यूला आली, पिंपरीची, नुकतंच लग्न होऊन शारजात आलेली. मॅडम आणि मी टेबलाच्या या बाजूला. तिने बसल्या बसल्या पाणी मागितलं. मला काहीतरी खटकलं. मॅडम उठल्या, ग्लास भरून दिला. मुलगी मान हलवून हसली. मग मॅडमनी पगार सांगायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "तो शेवटी, मॅम. या वर्गाचे आधीचे टीचर का गेले?"

मी टेबलाखाली बोटं गच्च धरली. आता कॅनडा येणार, मला ठाऊक होतं.

मॅडम थांबल्या. पेन खाली ठेवलं, काचेपलीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मधे काहीजण येऊन गेले. पण खरे टीचर एक होते. मी त्यांना एका झोपलेल्या मुलीला उठवायला सांगितलं. त्यांना आम्ही पसंत पडलो नाही."

ती मुलगी माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "ताई, सरांनी सांगितलंय, कॅनडा म्हणाले तर उठून ये, खरं सांगितलं तर हो म्हण." मग जरा घुटमळली. "आणि त्यांनी एक विचारायला सांगितलंय. ती झैनब अजून येते का?"

मी बाहेर बघितलं. तीनची बस येऊन गेली होती. मागच्या बाकासमोरच्या काचेवर मॅडमनी आदल्याच आठवड्यात लेव्हल्सचा एक मोठा तक्ता चिकटवून घेतला होता, खालपासून वरपर्यंत. आयांच्या खुर्च्यांवरून पलीकडचं काही दिसत नव्हतं.

"येते," मी म्हटलं. "दारात उखाणा घेते आणि झोपते."